प्रवरेच्या खोऱ्यातल्या गावाचा इतिहास कसा शोधावा: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

गावाचा इतिहास लिहायला बसलं की बहुतेक जण ग्रामदैवत, पाटलांचा वाडा आणि गावाला नाव कसं पडलं याची दंतकथा इथून सुरुवात करतात. चार पानं होतात आणि पुढे काही सुचत नाही. प्रवरेच्या खोऱ्यात तरी सुरुवात पाण्यापासून करावी. कोणत्या शिवाराला पाणी कधी आलं, कोणाच्या जमिनीतून पाट गेला, कोण पाण्याखाली गेलं आणि कोण कोरडं राहिलं, एवढं शोधलं की वाडा, देऊळ, बाजार, साखर कारखाना या सगळ्या गोष्टी आपापल्या जागी बसायला लागतात.

हा लेख अकोले, संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरी आणि नेवासे तालुक्यांतल्या नदीकाठच्या गावांसाठी आहे. शिक्षक, विद्यार्थी, शेतकरी, निवृत्त मंडळी, कोणालाही हे काम जमतं. इतिहासाची पदवी लागत नाही, चिकाटी लागते.

आधी नदी समजून घ्या

प्रवरा रतनगडाच्या परिसरात उगम पावते आणि सुमारे दोनशे किलोमीटर पूर्वेला वाहत जाऊन टोके-प्रवरासंगम इथे गोदावरीला मिळते. वाटेत आढळा, म्हाळुंगी, मुळा तिला येऊन मिळतात. उगमाकडे घाटघरला वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर श्रीरामपूर-नेवाशाकडे तो पाचशेच्या आसपास येतो. खोऱ्याच्या इतिहासातली निम्मी भांडणं या एका फरकातून निघाली आहेत. वरच्या अंगाला भात आणि डोंगर, मध्ये बागायत, खाली ज्वारी-बाजरीचं जिरायत आणि कालवा आल्यावर उसाचं रान. तुमचं गाव या उतारावर नेमकं कुठे बसतं, ते पहिल्या पानावर लिहा.

मग नकाशा मिळवा. गावचा महसुली नकाशा भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. मोठ्या परिसरासाठी सर्व्हे ऑफ इंडियाची टोपोशीट पाहा. नकाशावर नदी ओलांडायचे जुने उतार, डोह, बंधारे, पाट, चाऱ्या (कालव्याचे छोटे फाटे), विहिरी, बारवा, स्मशान, वेस आणि जुनं गावठाण पेन्सिलीने मांडा. डोहांची नावं गावातल्या पोहणाऱ्या आणि मासे धरणाऱ्या मंडळींना विचारा, ती कोणत्याच कागदावर सापडत नाहीत. वाळूउपशाने पात्र इतकं बदललं आहे की हे डोह दाखवू शकणारी माणसं आता थोडीच उरली आहेत. म्हणून हे काम पुढे ढकलू नका.

पांढरीवर चालून या

खोऱ्यातल्या जुन्या वस्त्यांची टेकाडं नदीच्या काठावर आहेत. शेताच्या काळ्या जमिनीत मध्येच पांढुरकी, राखट, भुसभुशीत माती दिसली आणि तिच्यात खापऱ्या असल्या, तर तिथे कधीकाळी माणसं राहत होती असं समजावं. याच खोऱ्यातल्या संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावात १९५०-५१ मध्ये उत्खनन झालं आणि इ.स.पू. १४०० ते १००० या काळातल्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांच्या संस्कृतीला या गावाचंच नाव मिळालं. दूर घोड नदीकाठी इनामगावला सापडलेल्या भांड्यांनाही जोर्वे भांडी म्हणतात. नेवाशाला डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं. श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला १९७४ मध्ये एका स्थानिक भिल्ल शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना काशाचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले. चारही ओतीव आणि वजनदार. त्या काळच्या भारतातल्या धातुकामाचा असा दुसरा नमुना क्वचितच असेल.

जोर्व्याची खापरी ओळखायला सोपी आहे. लाल किंवा नारिंगी रंग, वर काळ्या रंगाच्या रेघा, चौकडी, तिरप्या पट्ट्या, आणि भाजणी इतकी पक्की की दोन तुकडे एकमेकांवर टिचकावले की धातूसारखा आवाज येतो. तोटीचं भांडं ही याच लोकांची खास घडण.

इथे एक पथ्य कडक पाळा. खणू नका. खापरी उचलून घरी नेऊ नका. जागेवरच शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा, गट नंबर लिहा आणि ती तिथेच ठेवा. नाणी किंवा मूर्ती सापडली तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. जागेवरून हललेल्या वस्तूची अर्धी माहिती तिथेच संपते. तसंच वीरगळ, सतीशिळा, बारवेतले लेख यांना शेंदूर, ऑइलपेंट किंवा खडू लावून फोटो काढू नका. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरक्या उन्हात अक्षरं आपोआप उठून दिसतात.

गॅझेटिअर वाचा, पण कधीचं आहे ते बघून

अहमदनगर जिल्ह्याचं जुनं गॅझेटिअर १८८४ चं आहे, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला सतरावा खंड. शेवटच्या प्रकरणात गावांची वर्णनं आहेत. राज्याच्या दर्शनिका विभागाच्या संकेतस्थळावर गॅझेटिअर मोफत वाचता येतात. १८८४ हे साल आपल्या दृष्टीने मोलाचं आहे, कारण भंडारदरा धरण त्यानंतर चाळीस वर्षांनी पुरं झालं. म्हणजे या खंडात दिसतं ते कालव्याआधीचं खोरं. तेव्हा ओझर आणि लाख इथे प्रवरेवरचे सरकारी पाट होते, पण त्यांची पोच थोडी होती. तुमच्या गावात तेव्हा काय पिकत होतं आणि आठवडे बाजार कोणत्या वारी भरत होता ते टिपून ठेवा, पुढे तुलनेला लागेल.

गॅझेटिअर साहेबांच्या कचेरीत बसून लिहिलेलं आहे, हे मात्र विसरू नये. डोंगरातल्या महादेव कोळ्यांबद्दल ते बंडाच्या आणि पोलिसांच्या अंगाने बोलतं. अकोले तालुक्यातल्या देवगावचे राघोजी भांगरे यांना २ मे १८४८ रोजी ठाण्याला फाशी दिलं. सावकारी, जमिनी जाणं, वतनं जाणं ही त्यामागची कारणं समजायला अकोल्याच्या गावांमध्ये सांगितल्या जाणाऱ्या आठवणीही तितक्याच गंभीरपणे ऐकाव्या लागतात.

जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर आहे, पण जुने कागद शोधताना अहमदनगर हेच नाव वापरा. तालुक्यांचंही तसंच. श्रीरामपूर शहर वाढलं ते दौंड-मनमाड रेल्वेच्या बेलापूर स्टेशनाभोवती, आणि तो मार्ग सुरू झाला १८७८ मध्ये. राहाता तालुका तर अगदी अलीकडचा. त्यामुळे तुमचं गाव जुन्या दप्तरात कोपरगाव, राहुरी किंवा नेवासे तालुक्यात सापडेल. आणि बुद्रुक-खुर्दची जोडगावं असतील तर प्रत्येक कागदावर पूर्ण नाव तपासा. नदीच्या अलीकडच्या गावाची माहिती पलीकडच्या गावाच्या नावावर खपलेली बऱ्याच स्मरणिकांमध्ये दिसते.

महसूल दप्तर

नवख्या माणसाने सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा असं मला मनापासून वाटतं. तलाठी कार्यालय, तहसीलचा अभिलेख कक्ष आणि उपअधीक्षक भूमी अभिलेख यांचं कार्यालय, या तीन ठिकाणी मिळून गावाचं दीडशे वर्षांचं चरित्र पडून असतं. नकलेसाठी साधा अर्ज करा. अर्जात गावाचं नाव, तालुका, जुना सर्व्हे नंबर आणि हवा असलेला कागद नेमका लिहा. 'गावाची सगळी जुनी माहिती मिळावी' असा अर्ज केला तर कोणीच काही देऊ शकत नाही. स्कॅन झालेले बरेच अभिलेख महाभूमीच्या संकेतस्थळावरही पाहता येतात, म्हणून हेलपाटा घालण्याआधी तिथे शोधा.

शोधायचे ते असे. सातबारा सगळ्यांना माहीत असतो, पण इतिहासासाठी फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद, जास्त बोलका. सातबारावर फक्त निकाल दिसतो, फेरफारात कारण दिसतं: वारस, खरेदी, गहाण, वाटप, संपादन. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हक्कनोंद सुरू झाली तेव्हापासून फेरफारांचे क्रमांक लागत आलेले आहेत. १९५७ नंतरच्या फेरफारांत '३२ ग' असा शेरा दिसला की थांबा. १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन, त्या दिवशी कूळ कायद्याने कसणारी कुळं मालक मानली गेली, आणि ३२ ग ही जमिनीची किंमत ठरवण्याची कारवाई. अशा फेरफारांची एक यादी केली की गावात जमीन कोणाकडून कोणाकडे गेली याचं चित्र आकड्यांत मिळतं. त्याच सुमाराला वतनंही गेली. कुलकर्णी वतन १९५० च्या कायद्याने, महारकीसह इतर कनिष्ठ वतनं १९५८ च्या आणि मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्याने संपली. त्यांचे फेरफारही वेगळे काढा.

जुन्या आणि नव्या नंबरांचा घोळ नवख्यांना हमखास दमवतो. १९४७ च्या कायद्याखाली एकत्रीकरण योजना राबवली गेली, तेव्हा बहुतेक गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. गट नंबर घेऊन १९२० चा कागद शोधाल तर भलत्याच शेतात पोचाल. एकत्रीकरणाच्या वेळचं जुन्या-नव्या नंबरांचं पत्रक मागून घ्या आणि त्याची प्रत कायम पिशवीत ठेवा.

जुन्या पत्रकांत जमिनीचे प्रकार लिहिलेले असतात: जिरायत, मोटस्थळ, पाटस्थळ. मोटस्थळ म्हणजे विहिरीवर मोट चालायची. पाटस्थळ दिसलं आणि तारीख कालव्याच्या आधीची असेल, तर तिथे ओढ्यावर किंवा नदीवर जुना बंधारा असणार. कागद हातात घेऊन त्या शेतात जा, दगडी भिंतीचे अवशेष बऱ्याचदा सापडतात.

दुसरा खजिना म्हणजे गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूचं रजिस्टर. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे ही रजिस्टरं कपाटांतून बाहेर आली आणि त्यांची स्कॅन झाली. हजारो लोकांनी ती जातीच्या रकान्यासाठी पाहिली. तुम्ही मृत्यूच्या कारणाचा रकाना वाचा. पटकी, देवी, ताप, प्लेग, बाळंतपण. १९१८ चं रजिस्टर असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरची पानं काढा. मानमोडीच्या साथीने, म्हणजे त्या वर्षीच्या इन्फ्लुएंझाने, एकाच घरातली नावं एकाखाली एक लिहिलेली दिसतात. महिनावार आकडे मांडले की गावाच्या आठवणीतून पुसला गेलेला तो काळ कागदावर उभा राहतो. मात्र गावातल्या कोणाची जात, आजार किंवा खाजगी भानगड नावानिशी छापू नका. आकडा पुरेसा असतो.

शाळेचं जनरल रजिस्टर आणि शेरेबुक, ग्रामपंचायतीचं प्रोसिडिंग (सभांचं इतिवृत्त) आणि नमुना ८ (घरपट्टीची आकारणी), विकास सोसायटीची जुनी इतिवृत्तं हीही पाहा. मुलींची पहिली नोंद कधीची आहे, पहिली हातपंपाची मागणी कोणत्या वस्तीतून आली, हे तिथेच कळतं.

मोडी आणि शक-सुहूरची गणितं

इंग्रजी अमदानीतलंही बरंच गावदप्तर मोडीत आहे, आणि पेशवाईतलं तर जवळजवळ सगळंच. पुराभिलेख संचालनालय आणि काही संस्था मोडीचे अल्प मुदतीचे वर्ग घेतात. वर्ग जरूर करा, पण खरी ओळख रोज एक पान वाचूनच होते. घरातली जुनी खतं, सावकाराची पावती, काहीही चालेल.

तारीख लावायला थोडं गणित लागतं. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. ज्ञानेश्वरी नेवाशाला झाली ती शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली. फसली, म्हणजे जुन्या महसुली कागदांवरचं साल, असेल तर ५९० मिळवा. पेशवाईतल्या कागदांवर सुहूर सन अरबी शब्दांत असतो आणि एकं आधी येतं. समजा कागदावर 'सन इसन्ने सितैन मया व अलफ' असं आहे. इसन्ने दोन, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. झाले ११६२. त्यात ५९९ मिळवले की १७६१. पण सुहूर वर्ष मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलतं. म्हणून हा कागद जून १७६१ ते जून १७६२ मधला, पानिपतानंतरच्या पहिल्या हंगामातला. जानेवारी ते मृग एवढ्या भागाला ६०० मिळवायचे. तारखेच्या आधी 'छ' दिसला तर तो चांद्र महिन्याचा दिवस, पुढे रजब, साबान असं काही येईल.

पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे आणि तिथले कागद रुमालांत बांधलेले आहेत. जाण्याआधी आपलं गाव कोणत्या परगण्यात, म्हणजे त्या काळच्या महसुली विभागात, होतं ते नक्की करा, कारण तिथे तालुक्याच्या नावाने शोधून उपयोग नाही. आपल्या भागासाठी संगमनेर सरकार हे मोठं नाव; सरकार म्हणजे अनेक परगण्यांचा मिळून मोठा विभाग. भारत इतिहास संशोधक मंडळ, पुणे, आणि नगरचं ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय इथेही चौकशी करा. पहिल्याच खेपेला आपल्या गावाचा कागद हाती लागला नाही तर नाराज होऊ नका, परगण्याच्या हिशेबातही गावाची ओळ असते.

वंशावळीसाठी नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्या आहेत. घराण्याचं आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की कोण कधी क्षेत्राला आलं, त्याच्याबरोबर कोण होतं याच्या नोंदी निघतात. ज्या घरांना जमीन नव्हती किंवा ज्यांना क्षेत्राला जाणं परवडत नव्हतं ती घरं या वह्यांत नसतील, हे मात्र लक्षात ठेवा.

कालवा आला, त्यानंतर

भंडारदऱ्याचं काम १९१० मध्ये सुरू झालं आणि १९२६ मध्ये पुरं झालं. ८२ मीटर उंचीचं हे धरण त्या काळी देशातल्या सर्वांत उंच धरणांत होतं. ओझरच्या बंधाऱ्यावरून डावा आणि उजवा असे दोन कालवे निघाले. खालच्या अंगाच्या जिरायत गावांचं नशीब त्यांनी पालटलं, आणि धरणाने वरच्या अंगाची शेतं पाण्याखाली घेतली. तुमच्या इतिहासात या दोन्ही गोष्टी हव्यात. लाभक्षेत्रातल्या गावाने आपली भरभराट लिहिताना अकोल्यातल्या बुडालेल्या शिवारांचा एक तरी परिच्छेद लिहावा, आणि तो तिथल्या माणसांशी बोलून लिहावा.

पाण्यामागून ऊस आला आणि उसामागून कंपन्या. हरेगाव, टिळकनगर इथल्या खाजगी कारखान्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने, म्हणजे ठरावीक भाड्याने, घेतल्या. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने त्या जमिनी कारखान्यांकडून सरकारकडे गेल्या आणि १९६३ मध्ये स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे आल्या. ज्यांनी मुळात खंडाने दिल्या होत्या ते खंडकरी शेतकरी जमिनी परत मिळवण्यासाठी अर्ध्या शतकाहून जास्त काळ लढले. श्रीरामपूर भागातल्या बऱ्याच गावांत या लढ्याची पोती भरून कागदपत्रं घराघरांत आहेत: खंडाचे करारनामे, मोर्च्यांची पत्रकं, कोर्टाचे निकाल. आजोबा गेल्यावर ही पोती रद्दीत जातात. ती आधी गाठा.

दुसऱ्या बाजूला लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना उभा केला, पहिला गळीत हंगाम १९५० अखेर सुरू झाला. तुमच्या गावातले पहिले सभासद कोण, शेअरचे पैसे त्यांनी कशातून उभे केले, हे विचारा. पाटबंधारे शाखेत पाणीमागणीचे सात नंबरचे फॉर्म, चाऱ्यांचे नकाशे, मोजणीची रजिस्टरं असतात. आवर्तन (कालव्याच्या पाण्याची पाळी) टेलपर्यंत, म्हणजे चारीच्या शेवटच्या शेतापर्यंत, कितपत पोचायचं हे त्यातून आणि पाटकऱ्यांच्या तोंडून कळतं.

हा काळ अजून संपलेला नाही. पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहिलेल्या निळवंड्याच्या कालव्याला २०२३ मध्ये पाणी सुटलं. जायकवाडीसाठी वरून पाणी सोडण्याचा समन्यायी वाटपाचा वाद दर दुष्काळी वर्षी पेटतो. आजच्या बातम्यांची कात्रणं, ग्रामसभेचे ठराव, आंदोलनाचे फ्लेक्स यांचे फोटो तारखेसह ठेवा.

माणसांशी बोलताना

म्हाताऱ्या माणसांना साल विचारू नका. 'बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही केवढ्या होतात?', 'कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मोट चालू होती का इंजिन आलं होतं?' असं विचारा. खडी फोडायला कुठे जायचात, सुकडी (दुष्काळी कामावर मिळणारा खाऊ) कुठे मिळायची, मिलो (दुष्काळात मिळणारी लाल ज्वारी) कसा लागायचा, इथून बोलणं सुरू झालं की माणूस तासभर थांबत नाही. रेकॉर्डिंगची परवानगी आधी घ्या. पहिल्या भेटीत जमिनीच्या वादाचा विषय काढू नका.

पाटील-कुलकर्ण्यांच्या घरी कागद असतात म्हणून तिथेच मुक्काम ठोकू नका. महारवाडा, मांगवाडा, भिल्लवस्ती, ऊसतोडीला आलेल्या आणि इथेच राहिलेल्या कुटुंबांची घरं, या सगळ्या ठिकाणी जा. विहीर कोणती वापरायचात आणि पाणवठ्यावर पहिल्यांदा कधी गेलात, या दोन प्रश्नांतून गावाचा सामाजिक इतिहास निघतो. बायकांना जात्यावरच्या ओव्या म्हणायला सांगा. त्यांत माहेर-सासरची गावं येतात, आणि ती गावं नकाशावर मांडली की तुमच्या गावाची सोयरीक नदीच्या कोणत्या अंगाला होती ते दिसतं.

एकच गोष्ट दोन जणांनी वेगवेगळी सांगितली तर दोन्ही लिहा, कोणी सांगितली त्याचा संदर्भ ठेवा आणि मग कागद शोधा.

लिहिताना आणि लिहून झाल्यावर

आधी तीन रकान्यांची वही करा: घटना, पुरावा, पुराव्याचा प्रकार. प्रकार म्हणजे कागद, जागेवरची खूण किंवा सांगोवांगी. तिसऱ्या रकान्यात सांगोवांगी असेल तर मजकुरात 'गावात असं सांगतात' हे शब्द आलेच पाहिजेत. 'पांडवांनी एका रात्रीत बांधलं' ही कथा गाळू नका, ती कथा म्हणून लिहा आणि खाली बांधणी कोणत्या काळातली वाटते ते वेगळं सांगा.

खर्डा तयार झाला की छापण्याआधी गावात वाचा. एकदा देवळात किंवा चावडीवर, आणि एकदा जिथली माणसं चावडीवर येऊन बोलत नाहीत त्या वस्तीत. दुसऱ्या वाचनात दुरुस्त्या जास्त निघतात, त्यासाठी वेळ राखून ठेवा. नदीच्या वरच्या आणि खालच्या शेजारगावांतल्या एकेका जाणत्या माणसालाही खर्डा दाखवा, पाण्याबद्दलची चूक ते लगेच पकडतात.

स्कॅन, फोटो आणि रेकॉर्डिंगला गाव-विषय-तारीख अशी नावं द्या आणि तीन प्रती करा. एक तुमच्याकडे, एक गावच्या शाळेत किंवा वाचनालयात, एक तालुक्याच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात. मूळ कागद ज्याचे त्याला पोचपावती घेऊन परत करा. लॅमिनेशन करून देऊ नका, त्याने कागद कायमचा खराब होतो. सुती कापडात सैल बांधून, भिंतीपासून दूर, कोरड्या जागी ठेवायला सांगा.

सुरुवात करायला या आठवड्यात दोनच कामं पुरेत: गावनकाशाची प्रत काढणं, आणि नदीवरचे डोह दाखवू शकेल अशा माणसाला गाठून काठाने एक फेरी मारणं.